बोलायचं नाही, नुसतं उभं राहायचं

कॉर्कमध्ये पाऊस पडत असतानाही हॉकीच्या मैदानाला पाणी घालतात. पहिल्यांदा गाडीतून पाहिलं तेव्हा मला वाटलं, कोणीतरी नळ बंद करायला विसरलं.

"आई, ते गवत नाही, प्लास्टिकची सतरंजी आहे," मुलगा म्हणाला. "ओली असली की बॉल नीट पळतो."

"मग देव करतोय की ओली."

"देवाचं प्रमाण चुकतं."

मी दोन हजार वीसच्या फेब्रुवारीत मुलाकडे आयर्लंडला तीन महिन्यांसाठी आले होते. मग विमानं बंद झाली. सप्टेंबर उजाडला तरी मी तिथेच. ते दिवस मला अजून झोपेत पाहिल्यासारखे आठवतात. सकाळी नदीकडून धुकं वर यायचं आणि समोरची घरं पुसून टाकायचं. चहा होईपर्यंत ती एकेक करून परत यायची, आधी धुराडी, मग दारं. संध्याकाळ तर संपायचीच नाही. उजेड पातळ होत होत कधी गेला ते कळायचं नाही. वार विचारावा लागायचा.

नात तेरा वर्षांची होती, हॉकी खेळायची. गोलकीपर. सून औषधांच्या कारखान्यात पाळीने जायची, म्हणून नातीला मैदानावर सोडायला मुलगा निघायचा आणि मीही गाडीत बसायचे. घरात फ्रिजचा आवाज ऐकत बसण्यापेक्षा ते बरं. आई-बापांना तेव्हा आत सोडत नव्हते. सगळे कुंपणाच्या जाळीला नाक लावून गाड्या उभ्या करायचे आणि आतून बघायचे. काचांवर वाफ धरायची. बाहेर टक, टक, टक. लाकडावर बॉल.

तो आवाज आला की मी खडकीला असायचे. आमच्या क्वार्टर्सच्या मागे लाल मातीचं मैदान होतं. माझ्या नवऱ्याला कारखान्यात नोकरी लागली ती हॉकीवर. कारखान्याच्या टीममधून खेळायचा आणि संध्याकाळी गल्लीतल्या पोरांना शिकवायचा. त्याला जाऊन बरीच वर्षं झाली. मी गाडीत बसून रडत वगैरे नव्हते. आवाज सारखा असला की माणूस जागा विसरतो, एवढंच.

नातीच्या क्लबात मोठ्या बायकांची एक टीम होती. तिच्यात तीन पोरी पगारी होत्या, बाहेरच्या देशांतून आणलेल्या. शनिवारी मोठ्या लीगमध्ये खेळायचं आणि आठवडाभर संध्याकाळी लहान मुलींना शिकवायचं, असं त्यांचं काम. माझ्या नातीला शिकवायची ती अर्जेंटिनाची. उंच, जाड वेणी, स्वतः गोलकीपर. तिने नातीला आधी पडायला शिकवलं. दोन वर्षं नात राखीव बसली होती. आता पुढची मुलगी वयाने वर गेली आणि गोल नातीचा झाला. पण हे एकच वर्ष. पुढच्या वर्षी तीही चौदाखालच्या टीमच्या वयात बसणार नव्हती.

आणि नेमका तेव्हाच संप झाला.

कोविडमुळे मुलींचे छोटे छोटे गट पाडायचा नियम आला, एकीचा वारा दुसरीला लागू नये म्हणून. त्यामुळे एका वर्गाचे तीन वर्ग झाले. शिकवणाऱ्या त्याच, पगार तोच. त्या पोरी म्हणाल्या, एवढे तास आम्हाला जमणार नाही, माणसं वाढवा नाहीतर तास कमी करा. कमिटी म्हणाली, या दिवसांत नोकरी आहे हेच नशीब समजा. पोरींनी स्टिका खाली ठेवल्या. त्यांच्या बाजूने मोठ्या टीमच्या बाकीच्या बायकाही बसल्या.

मोठ्यांचं काय, त्यांची मॅच गेली तर बातमी होते आणि पुढच्या वर्षी पुन्हा खेळतात. लहान मुलींची लीग मात्र या तिघींच्याच जिवावर चालायची. नियम असा की क्लबाने तपासून दाखला दिलेला मोठा माणूस मैदानावर नसेल, तर लहान मुलींना आत पाऊल टाकता येत नाही. तशी एक मॅच गेलीच. पुढच्या शनिवारचीही गेली असती तर टीमचं नाव लीगमधून कटणार होतं.

कमिटीतल्या एकाने मुलाला फोन केला. मुलाकडे तो दाखला होता. आदल्या वर्षी तो पाण्याच्या बाटल्या आणि गोलच्या जाळ्या उचलायला जायचा, तेव्हा घेतलेला. फोन ठेवला तेव्हा त्याचा चेहरा दहावी पास झाल्यासारखा होता.

जेवताना म्हणाला, "आई, उद्यापासून मी मुलींना शिकवणार."

"कोणाच्या जागेवर?"

"कोणाच्या जागेवर म्हणजे? मुली घरी बसल्यात."

"जागा त्या पोरींची आहे. त्या गेटाबाहेर बसल्या असताना तू आत गेलास, तर त्याला संप फोडणं म्हणतात. तुझ्या बापाने तुला घरात घेतलं नसतं."

त्याने घास ताटात परत ठेवला. "बापाचं नाव काढू नकोस. बापानेच माझं वर्ष घालवलं."

सून उठली आणि प्रेसमधून लोणच्याची बरणी काढत बसली. तिकडे कपाटाला प्रेस म्हणतात. लोणचं टेबलावर होतंच.

मुलगा म्हणाला ते खोटं नव्हतं. खडकीला कारखान्यात संप झाला तेव्हा तो नातीच्याच वयाचा होता. शाळकरी पोरांच्या मॅचेस कारखान्याच्या मैदानावर व्हायच्या. नवरा आणि त्याचे सोबती त्या मैदानात पाय ठेवीनात, पोरांना शिकवीनात. पोरांची टीम बाद झाली. मुलाने बापाच्या पाठीमागे फिरून फिरून विनवलं. बाप म्हणाला, "संप म्हणजे संप," आणि जेवायला बसला. पुढच्या वर्षी मुलाचं वय उलटलं होतं. त्याने स्टिक माळ्यावर टाकली आणि पुस्तकं काढली. बरं झालं, म्हणून तर एवढा शिकला, असं सगळे म्हणतात. मीही म्हणायचे. त्याला तसं वाटत नाही, हे मला इतक्या वर्षांनी कॉर्कच्या जेवणाच्या टेबलावर कळलं.

"तिचं वर्ष मी जाऊ देणार नाही," तो म्हणाला.

"आयॅम राइट हिअर, लाइक," नात म्हणाली. मी इथेच बसलेय, असं. तिला मराठी सगळं कळतं, बोलते मात्र तिकडचं इंग्रजी, आणि त्या गावच्या रीतीने शेवटी 'लाइक' लावते.

मी मुलाला विचारलं, "त्या पोरींना विचारलंस का?"

"त्यांना काय विचारायचं?"

"पंपवाल्याने विचारलं होतं ना."

ते त्याला आठवत होतं. खडकीच्या संपात सगळं बंद होतं, पण क्वार्टर्सचा पाण्याचा पंप चालू होता. पंपवाला सकाळी आधी गेटावर यायचा, बसलेल्यांना विचारायचा, त्यांच्यात बसून चतकोर भाकरी खायचा, मग पंपावर जायचा. त्याला कोणी फितूर म्हटलं नाही. न विचारता गेला असता, तर त्याच पंपासाठी त्याचं डोकं फोडलं असतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही तिघं गेलो. संपावरच्या माणसाकडे रिकाम्या हाताने जाऊ नये, म्हणून मी चपात्या आणि बटाट्याची भाजी घेतली. मुलगा वाटभर कुरकुरत होता. "आई, कोविड आहे. इथे कोणी कोणाच्या हातचं पाणी पीत नाही."

"नाही घेतलं तर परत आणू. तुलाच वाढीन."

पाऊस नव्हता, पण हवाच ओली होती. दिवे लागले होते आणि प्रत्येक दिव्याभोवती धुक्याचं एक कडं होतं. तिघी गेटाबाहेर घडीच्या खुर्च्यांवर लांब लांब बसल्या होत्या, मधे पुठ्ठ्याची पाटी. आत हिरवं मैदान रिकामं, आणि फवारे आपले उडताहेत. कोणासाठी, कोण जाणे.

अर्जेंटिनाने डबा घेतला. मास्क हनुवटीवर ओढला आणि चपातीत भाजी गुंडाळून खाल्ली. तिला तिखट लागलं आणि ती खोकली. गाड्यांपाशी उभे असलेले दोघे लगेच गाडीत बसून काचा वर करू लागले. तिला हसू आवरेना, हसण्याने आणखी खोकला. नात तिला म्हणाली, "इट्स ओन्ली मिरची!"

मग मुलगा बोलला. ऑफिसात बोलतात तसं, बराच वेळ. त्याचं इंग्रजी मला निम्मं कळतं. तिचं इंग्रजीही बेताचंच, त्यामुळे तिने बोटं पुसत निम्मंच ऐकलं असावं. पण उत्तर मला पूर्ण कळलं.

"नो."

ती म्हणाली, तू शिकवलंस तर क्लबला आमची गरज काय? आम्ही इथे वर्षभर बसलो तरी त्यांचं काय अडेल?

ते खरंच होतं. मुलाच्या तोंडावर माळ्यावर टाकलेली स्टिक दिसत होती. तो वळला, म्हणाला, "झालं तुझं विचारून? चला."

नात जागची हलली नाही. गेटाच्या आत एका कोपऱ्यात ते नारिंगी प्लास्टिकचे कोन एकात एक घालून रचले होते, सरावाला ओळीने मांडतात ते. तिने तिकडे बोट केलं आणि अर्जेंटिनाला काहीतरी झरझर सांगितलं. मी मुलाला विचारलं, "काय म्हणतेय?"

"म्हणतेय, बाबा शिकवणार नाही. नुसता उभा राहील. त्या कोनासारखा."

तिघी आपसात बोलल्या. मोठ्याने हसल्या. मग अर्जेंटिना उठून मुलासमोर आली, अंतर ठेवून.

"नो टॉक?"

नात म्हणाली, "नो टॉक."

"नो हँड्स?" तिने हाताने इकडे जा, तिकडे जा अशी खूण केली.

"नो हँड्स."

"ओके. कोन इज ओके."

मुलगा मला मराठीत म्हणाला, "म्हणजे मी काय बुजगावणं?"

"त्यालाही शेतात काम असतं," मी म्हटलं.

शनिवारी धुकं इतकं होतं की पलीकडचा गोल दिसेना. मी गाडीत. तिघी रस्त्यावर, जाळीच्या बाहेर, त्यांच्यापाशी माझा चपात्यांचा डबा. मुलगा आत मधल्या रेषेपाशी पिवळं जाकीट घालून, हात खिशात. आमच्या मुलींनी आपापसात भांडून जागा ठरवल्या. समोरच्या टीमचा माणूस भाजीवाल्यासारखा सारखा ओरडत होता. आमच्या बाजूने चिडीचूप. नात गोलमध्ये, ती जाड पॅडं बांधून, उभ्या केलेल्या गादीसारखी.

धुक्यातून मुली यायच्या आणि धुक्यात जायच्या. आधी रंग दिसायचा, मग मुलगी, आवाज सगळ्यात शेवटी. थोड्या वेळाने मला कोणती बाजू कोणाची तेही कळेना, आणि कळायची निकडही वाटेना. हीटरची ऊब होती. जाळीपाशी अर्जेंटिनाच्या शेजारी नवरा उभा दिसला, खाकी शर्ट, हात मागे. बोलत नव्हता. तसा तो कधीच फार बोलायचा नाही. मी काच पुसली, तर तो दिव्याचा खांब होता.

काच पुसली म्हणून पुढचं नीट दिसलं. समोरच्या दोघी बॉल घेऊन आल्या, आणि नात गोल सोडून भलतीच पुढे, डावीकडे. मला दिसलं म्हणजे मुलाला दिसलंच. त्याचे हात खिशातून अर्धे बाहेर आले. जाळीबाहेर अर्जेंटिनाने तारेत बोटं घातली, तिचं तोंड उघडलं. शब्द दोघांच्याही दाताशी आला होता. दोघांनीही तो गिळला. बॉल गेला आत. नातीने बापाकडे पाहिलं. बाप आभाळाकडे बघत होता, जसं काही तिथे आभाळ दिसतच होतं.

पुढच्या वेळी ती आपणहून मागे सरकली. बॉल आला, तिने पाय टाकला. थांबलेला बॉल मी आधी पाहिला आणि आवाज मागून ऐकला. अर्जेंटिनाने तार सोडून खिशात हात घातले. टाळी वाजवायची नाही, हे तिलाही लागू होतं.

आमच्या मुली हरल्या. बऱ्यापैकी हरल्या. पण मॅच झाली आणि नाव लीगमध्ये राहिलं. कमिटीतला तो माणूस मुलाला म्हणाला, एखादा शब्द तरी बोलायचास त्यांच्याशी. मुलगा म्हणाला, "आयॅम अ कोन."

पुढे काही दिवसांनी तडजोड झाली. कमिटीने शिकवायला आणखी माणसं घेतली, तिघी आत गेल्या. आणि लगेच सरकारने पुन्हा सगळं बंद केलं. गेटाला कुलूप लागलं ते वसंतात निघालं. तोवर नातीची टीम बदलायची वेळ आली होती. चौदाखालच्या गोलमध्ये ती उभी राहिली ती तेवढीच एक मॅच.

त्या शनिवारी मात्र हे कोणाला ठाऊक नव्हतं. मुलगा गाडीत येऊन बसला. ओला झाला होता. किल्ली फिरवली, वायपर चालू झाले, पण गाडी काढेना.

"आई, बाबा नुसते उभे राहिले असते तरी चाललं असतं की."

"चाललं असतं."

"मग का नाही राहिले?"

"तू शिकवा म्हणालास. ते नाही म्हणाले. नुसतं उभं राहा, असं कोणी म्हटलंच नाही. तेव्हा कोणाला सुचलं नाही, झालं."

वायपर दोनचारदा इकडून तिकडे गेले.

मागच्या सीटवर नात पॅडांच्या पिशवीखाली दबून बसली होती. "आजी, इज देअर एनी चपाती लेफ्ट?"

"नाही," मी म्हटलं. "तुझ्या अर्जेंटिनाने संपवल्या. घरी चल, करते."

मुलाने गाडी काढली. गेटावरून जाताना त्याने काच खाली केली आणि खुर्च्या आवरणाऱ्या तिघींना हात केला. आता हात करायला हरकत नव्हती.