सुई कुणी घातली

आमच्या घरातली पहिली ग्रॅज्युएट मी. हे मी आधीच सांगून टाकते, कारण त्या वर्षी मी ते सगळ्यांनाच आधी सांगत होते. कबनूरच्या आमच्या गल्लीत कुणाचा मोबाईल अडला, कुणाचा फॉर्म भरायचा राहिला, की ते माझ्याकडं यायचे. मी दोन मिनिटांत काम करून द्यायचे आणि वर चार शब्द सुनवायचे. लोक ऐकून घ्यायचे. अडलेला माणूस ऐकतोच.

बाबा यंत्रमागावर. आई घरातच कांड्या भरायची, म्हणजे मागाच्या धोट्यात बसणारं सूत मशीनवर गुंडाळून द्यायची. तिच्या केसांत आणि भुवयांत कायम कापूस असायचा. मला त्याची लाज वाटायची, आणि ते मी लपवत नव्हते.

खंडेनवमीला आमच्याकडं हत्यारं पुजतात. कांड्यांचं मशीन, बाबांचे पाने, विळी, सायकल. त्या वर्षी मी आंघोळीला गेले असताना आईनं माझा लॅपटॉपही पाटावर मांडला. मशीन पुजायची तिची एक रीत होती. कुंकू नुसतं वरून लावायचं नाही, मशीन जिथून करंट घेतं तिथंही बोट टेकवायचं. लॅपटॉपलाही तिनं तसंच केलं. चार्जरची पिन जिथं जाते त्या भोकाच्या तोंडाला ओलं कुंकू.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी तीनला माझी ऑनलाइन मुलाखत होती. पुण्यातली कंपनी, महिनोन्‌महिने अर्ज करून आलेली पहिली हाक. काम काय, तर लोकांचे कॉम्प्युटर बंद पडले की फोनवरून त्यांना काय करायचं ते सांगायचं. सकाळी नऊला मी चार्जर लावला आणि चार्जिंगचा दिवा लागला नाही. बॅटरी अकरा टक्के.

बोर्ड बदलला. त्याच बोर्डात मोबाईल लावून बघितला, तो चार्ज होत होता. अडॉप्टरवरचा हिरवा दिवा पेटलेला. लॅपटॉप बंद केला, पॉवरचं बटण अर्धा मिनिट दाबून धरलं, परत लावला. काही नाही. मग तो दारात नेऊन उजेडात आडवा धरला आणि भोकाशी लाल दिसलं.

"ये आय! हिकडं ये. हे काय हाय?"

"कुंकू हाय की. परवा पुजलं न्हवं का."

"भोकात कशाला लावलंस?"

"जिथनं जेवतंय तिथं लावायचं असतंय, बाई."

"जेवतंय? म्हस हाय व्हय ती? सही करायला तुला अजून अंगठा लागतोय आणि तू लॅपटॉपला हात लावतीस? तू कांड्या भर की गप. तेवढ्यापुरतीच हायस तू."

कॉलेजात मी आहे-नाही बोलायला शिकले होते. राग आला की ते सगळं गळून पडायचं.

"वल्या फडक्यानं पुसू काय?" आईनं विचारलं.

"लांब हो."

ती लांब झाली. मी गोधडीची सुई घेतली आणि भोक कोरायला लागले. थोडं लाल निघालं. अजून आत घातली. आत काहीतरी बारीक कट्‌ करून वाकलं. ते हाताला कळलं. मी सुई परत डब्यात ठेवली, चार्जर लावून बघितला आणि दिवा लागला नाही म्हणून पुन्हा आईवरच ओरडले.

लॅपटॉप शहरात, शाहूपुरीतल्या एका दुकानातून जुना घेतलेला होता. तिकडं निघाले. आई हातातलं टाकून मागं आली. "माझ्यामुळं झालंय, मी बी येते." एसटीत मी वेगळ्या सीटवर बसले.

दुकानदार पन्नाशीचा, कपाळाला भिंग लावलेला. त्यानं वायर मीटरवर तपासली, मग भोकात उजेड मारला.

"कुंकवाचं काय न्हाय, पावणं. ते वरच्यावर वाळलंय. ही वायर बघा, पिनंजवळ मानंत तुटलीया. रोज अडॉप्टरला आवळून गुंडाळत असशीला. दहा मिनिटाचं काम हुतं." त्यानं भिंग वर केलं. "पर आतली पट्टी पार मुडपलीया. आता सॉकेटच बदलायला लागणार. सुई कुणी घातली ह्यात?"

वायर रोज मीच गुंडाळायचे, आवळून, कारण पिशवीत ती नीटनेटकी दिसायची. मी आईकडं बघितलं.

"म्या घातली," आई म्हणाली.

"मावशी, कांड्या भरता न्हवं? केसावरनंच कळतंय. आवं, हे काय कांड्यांचं मशीन हाय व्हय, घाल सुई आणि काढ गुंता? पोरगी एवढी शिकलेली, तिला इचारायचं तरी."

"चुकलं बाबा."

तो माझ्याकडं वळला. "असं असतंय बघा. आपण शिकायचं आणि घरच्यांनी बिघडवायचं."

"व्हय की," मी म्हणाले, आणि हसले. अगदी मोकळं हसले. तोही हसला. आईही हसली, पदर तोंडाला लावून.

अडीचला लॅपटॉप सुरू झाला. दुकानामागच्या खोलीत बसून मुलाखत द्या, असं तो स्वतःच म्हणाला. आई मागोमाग आत यायला लागली, तशी मी म्हणाले, "तू भाईरच थांब. कॅमेऱ्यात यायचीस." ती रस्त्यावर जाऊन उभी राहिली. ऑक्टोबरचं ऊन होतं आणि दुकानाला छपरी नव्हती.

मुलाखत चांगली झाली. त्यांनी विचारलं, लॅपटॉप चार्ज होत नाही असा फोन आला तर ग्राहकाला पहिला प्रश्न कोणता विचाराल? मी म्हणाले, घरात दुसऱ्या कुणी त्याला हात लावलाय का ते विचारीन. पलीकडची बाई हसली. "अगदी बरोबर," ती म्हणाली. पाच मिनिटांनी मला कळलं की काम झालं.

परतीच्या एसटीत गर्दी होती, म्हणून आईशेजारीच बसावं लागलं. उन्हानं तिचा चेहरा काळवंडला होता. काम झाल्याचं मी सांगितलं, तेव्हा तिनं माझ्या तोंडावरून हात फिरवून स्वतःच्या कानशिलावर बोटं मोडली. थोड्या वेळानं मी विचारलं, "सुई तू घातलीस असं कशाला सांगितलंस?"

"तू माझ्याकडं बघितलंस की."

एवढंच बोलली. तिला सगळं ठाऊक होतं. सकाळी मी सुई घातली, तेव्हा ती दारातच उभी होती.

त्या वेळी तिची माफी मागता आली असती. शब्द अगदी तोंडात होते. पण बाबांनी त्यांच्या कारखान्यात सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की आमच्या पोरीला कॉम्प्युटरमधलं सगळं कळतं.

"मग घरात बी तसंच सांग," मी म्हणाले.

तिनं सांगितलं. बाबांनी तिला लॅपटॉपला पुन्हा हात लावायचा नाही म्हणून माझ्यासमोर दम दिला. पुढं गल्लीतल्या बायकांनाही ती तेच सांगत राहिली, माझी नोकरी आपण कशी घालवली असती त्याची गंमत म्हणून, सुई कशी धरली ते हातानं करून दाखवत. मी तिथंच बसलेली असायचे.