शेवकेत उस्ताची पहिली बुडी

तुर्कस्तानातल्या ग्योल्जुकच्या गोदीत शेवकेत उस्ता, म्हणजे उस्ताद शेवकेत, हा पाइप जोडणाऱ्यांचा दादा. उभं आयुष्य पाणबुड्यांच्या पोटात वाकून काढलं, पण पाण्याखाली एकदाही गेला नाही. नवी पाणबुडी जर्मनांकडून तंत्र शिकून इथंच बांधायची ठरली, तेव्हा गोदीच्या साहेबांनी शब्द दिला, पहिल्या बुडीला उस्ता आत असेल. निवृत्तीआधी एवढी एकच हौस होती बिचाऱ्याची.

आता तंत्र शिकायचं म्हणजे काय, तर त्यांच्या नकाशातली रेघ हलवायची नाही. बरं, नाही हलवत. पण संडासाच्या नकाशात धुवायच्या पाण्याची नळीच नाही! नुसता कागद! अहो, बसस्थानकावरच्या गलिच्छ संडासातही भांड्यात तांब्याची बारीक नळी असते, आणि इथं आपली पोरं आठवडेच्या आठवडे समुद्राखाली कागद घासत बसणार. शी!

"तोल्गा बेय, हे तुमच्या लक्षात नाही आलं?" त्यानं तरुण इंजिनिअरला विचारलं.

"आलं होतं, उस्ता. पण जर्मनांपुढे भर बैठकीत हा विषय काढायचा कसा? लाज वाटते हो."

"धुण्याची लाज वाटते, न धुण्याची नाही? धन्य आहात!"

उस्तानं कुणाला न विचारता नळी बसवली. पाहणीला आलेल्या कमांडरनी ती वापरली, हात पुसत बाहेर आले आणि उस्ताच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "जगलो बुवा!"

पुढच्याच आठवड्यात जर्मन तपासनिसाला ती दिसली. नकाशाबाहेरचा पाइप, म्हणजे हमी रद्द! काम थांबलं. त्याच कमांडरनी कानांवर हात ठेवले. "कुणी बसवली? मला काय ठाऊक!" नळी उखडली आणि उस्ताचा पहिल्या बुडीतून पत्ता कापला. घरी बायको, म्युझेय्येन, भडकली. "त्यांच्या ढुंगणांची काळजी तुम्ही कशाला वाहिलीत हो?"

काही महिन्यांनी जर्मनीहून सीलबंद खोकं आलं. आत काय? तीच नळी! सुधारणा म्हणून रीतसर विकत घेतलेली. वर ती बसवायला शिकवणारा माणूसही सोबत. वर्ग भरला. त्यानं विचारलं, "ही कशासाठी लागते?" झाडून सगळे आपापल्या बुटांकडे बघत बसले. वर्ग सुटल्यावर तोल्गानं उस्तापुढे एक कागद सरकवला.

"सही करा, उस्ता. केलीत तर बुडीला तुम्हाला घेतो म्हणालेत साहेब."

"म्हणजे मी हे ह्यांच्याकडून शिकलो?"

"कागदावर, हो."

उस्ताच्या तोंडाशी सणसणीत शिवी आली. ती गिळून त्यानं सही केली.

पहिल्या बुडीला तो पंपाशेजारी अंग चोरून उभा होता. पाणबुडी कलली, खोलीचा आकडा वाढत गेला. याच घटकेसाठी जन्मभर थांबलेला माणूस, पण त्याला काही म्हणता काही वाटेना. मग कमांडरनी माइक घेतला. "आमच्या चालीरीतींचा इतका बारकाईनं विचार करणाऱ्या जर्मन मित्रांचे मनापासून आभार."

टाळ्या पडल्या. तोल्गा मान खाली घालून वाजवत होता. उस्तानंही वाजवल्या, चांगल्या जोरात वाजवल्या. वर येईपर्यंत त्याला स्वतःची शिसारी येत राहिली.