तिसरी हाळी

वाळूजच्या एका रंगाच्या कारखान्यात आग विझवणाऱ्यांची चौघांची टोळी होती. तिचा म्होरक्या मुंजाबा. वैजापूरकडचा, मेंढपाळाच्या घरचा. माणूस असा खडूस की हसला तर कॅलेंडरवर खूण करावी.

त्रिंबक पाण्याचा पाइप धरायचा, सांडू बेशुद्ध माणसाला खांद्यावर घ्यायचा, भिकन व्हॉल्व बंद करायचा. पण तेवढ्यावर मुंजाबाचं भागतंय कुठलं! "एकाला येतं ते समद्यांना आलं पायजे. उद्या तू पडलास तर तुझं काम काय तुझा बाप करील?" डोळ्यांना फडकं बांधून तो तिघांना शेडभर चालवायचा, एकाचं काम दुसऱ्याला करायला लावायचा. धुरात माणूस दिसत नाही, म्हणून त्यानं रानातली रीत लावली होती. म्होरक्यानं हाळी द्यायची, ज्यानं त्यानं आपल्या कोपऱ्यातून ओ द्यायची. ओ आली नाही तर म्होरक्या त्याला शोधणार, शेजारचा दोन्ही कोपरे सांभाळणार.

"आन् तिसरी हाळी वैऱ्याची असली तरी ओ द्यावीच लागते," असं म्हणताना त्याचा आवाज बसायचा. का बसायचा, ते पोरांना काय ठाऊक!

ते आता मीच सांगतो. अठ्ठ्याहत्तर साली विद्यापीठाच्या नामांतरावरून मराठवाडा पेटला, तेव्हाची गोष्ट. बौद्ध वस्तीतला कडूबा आणि मुंजाबा लहानपणापासून एकाच माळावर मेंढ्या वळायचे. कडूबाची हाळी शेवटाला फाटायची, कोसावरून ओळखू यायची. एका भरदुपारी जमाव वस्तीत घुसला आणि नाल्याकडून ती हाळी आली. एकदा. दोनदा. तीनदा. मुंजाबा आतून कडी लावून बसला होता. जमावातली माणसं आपल्याच भावकीतली, बाहेर पडलो तर आपलंही घर जाईल, या भीतीनं त्यानं ओ गिळली. संध्याकाळी कडूबा नाल्यात सापडला, मेलेला.

पंधरा वर्षं गेली. नामांतराच्या घोषणा पुन्हा शहरभर घुमत होत्या. त्यातल्याच एका गुरुवारी, जेवणाच्या सुट्टीत, रंगाच्या खोलीनं पेट घेतला. चौघं आत शिरले. काळा, चिकट धूर. स्वतःचा हात दिसेना.

मुंजाबानं हाळी दिली. त्रिंबकची ओ आली, सांडूची आली. भिकनची नाही. पुन्हा हाळी, पुन्हा दोनच. तिसऱ्यांदा तो ओरडणार, तोच डाव्या बाजूनं दुसऱ्याच कुणाची तरी हाळी आली. शेवटाला फाटलेली.

भिकनचा कोपरा उजवीकडं होता. शिकवलेली अक्कल म्हणत होती, उजवीकडं जा. अंगावर सर्रकन काटा आला. पण या खेपेला त्यानं ओ गिळली नाही.

"ओ! आलो, कडूबा, आलो रं!"

आणि तो डावीकडं घुसला. चार पावलांवर त्याच्या पायाला माणूस लागला. भिकन! वाट चुकून भलत्याच भिंतीशी पडलेला. तोवर त्रिंबकनं पाइप न सोडता, चाचपडत भिकनचा व्हॉल्व बंद केला होता. सांडूनं भिकनला खांद्यावर टाकलं. चौघं जिवंत बाहेर आले.

शुद्धीवर आल्यावर भिकन म्हणाला, "मी तर वाट चुकून पैल्या हाळीच्या आधीच पडलो. तोंडातून शबुद निघाला नाय माझ्या."

रविवारी मुंजाबा औरंगपुऱ्यात गेला. कडूबाची बायको आवडाबाई गाव सुटल्यापासून तिथं भाजी विकायची. पंधरा वर्षांत तो त्या गल्लीत फिरकला नव्हता. तिच्या पाटीसमोर तो मटकन बसला.

"वयनी, त्या दुपारी मी घरातच होतो. हाळी ऐकली मी. तिन्ही ऐकल्या."

आवडाबाईचे हात मेथीच्या जुडीवर थांबले.

"मला रोज दुपारी ऐकू यायची, भावजी. पंधरा वर्सं. गुरुवारपासनं बंद झाली." तिनं मान वर करून त्याच्याकडं पाहिलं. "ओ दिली व्हय तुमी?"

मुंजाबानं होकारानं मान हलवली.

"लई उशीर केला," ती म्हणाली.