तिसरी ओळ

तालमीच्या खोलीत सगळे त्याला 'पुन्हा एकदा' म्हणत. परमुलखात आल्यावर तिथल्या भाषेतले हेच दोन शब्द तो पहिल्यांदा शिकला. नाटक कंपनीत त्याला काम मिळालं तेच मुळी नटांकडून गाणी घोटून घ्यायचं. पियानोवर बसायचं आणि नट चुकला की "पुन्हा एकदा" म्हणायचं. बाकी सगळा कारभार हातवाऱ्यांवर.

दोन वर्षांत त्याने कपडेपटात शिवणकाम करणाऱ्या मुलीशी लग्न केलं. तिला त्याची भाषा येत नव्हती, त्याला तिची अर्धीमुर्धी. "भांडायला शब्दच पुरत नाहीत, म्हणून आमचं बरं चाललंय," असं ती सांगायची.

पुढे तो स्वतःच चाली बांधू लागला. पाचव्या संगीत नाटकात एका आईच्या तोंडी अंगाई होती. पियानोवर बोटं ठेवली आणि आपसूक आली ती त्याच्या घरची अंगाई. आई लवकर गेली होती. थोरल्या ताईने तीच गाऊन त्याला लहानाचं मोठं केलं होतं. पण तिसरी ओळ काही केल्या आठवेना. शेवटी त्याने ती आपल्या मनाने बांधली, सूर वर चढवत नेला. नाटक तुफान चाललं. न्हाव्याच्या दुकानातही लोक ती ओळ गुणगुणत. त्याला मात्र ती मनची ओळ ऐकून अर्धी दाढी तशीच ठेवून उठावंसं वाटायचं.

बावीस वर्षांत तो घरी गेला नव्हता. आधी कागदपत्रं नव्हती, मग सवड नव्हती, मग पत्रांची उत्तरं इतकी रखडली की जायला तोंड उरलं नाही. अखेर बायकोनेच परस्पर ताईला तिकीट पाठवलं.

ताई आली. दुपारच्या प्रयोगाला पदर सावरून त्याच्या शेजारी बसली. एक शब्द कळत नव्हता, तरी तोंडभरून हसत होती. अंगाई सुरू झाली तशी ती ताठ झाली. तिसऱ्या ओळीला नटीचा सूर वर गेला आणि ताईने खणखणीत आवाजात तो खाली आणला. पुढच्या दोन रांगा वळून बघायला लागल्या.

मध्यंतरात ती म्हणाली, "अरे, तिथे खाली यायचं असतं. बाळाला झोपवायचंय की दचकवायचंय?"

तो हसला. "आठवलीच नाही गं."

"मग विचारायचं नाही का?"

"इतकी वर्षं साधं कशी आहेस म्हणून विचारलं नाही. एकदम हे कुठल्या तोंडाने विचारू?"

ताईने त्याच्या पाठीत एक धपाटा घातला.

दुसऱ्या दिवशी त्याने नटीला ताईची ओळ शिकवली. आठवडाभर ती तशी गायली. मग व्यवस्थापकाने कळवलं, प्रेक्षक विचारतायत, गाण्याला काय झालं? ओळ पुन्हा वर चढली.

ताई परत गेली. त्यानंतर दर रविवारी सकाळी ती फोनवर त्याला घरातलं एकेक गाणं ऐकवायची आणि तो वहीत लिहून घ्यायचा. चार वर्षं हे चाललं. मग ताई गेली.

त्या वहीतलं एकही गाणं त्याने रंगभूमीवर आणलं नाही. दुपारी एकटाच वाजवत बसायचा. एकदा बायको हातातला झगा बाजूला ठेवून पियानोजवळ आली. "शब्द काय आहेत?" तिने विचारलं. त्याने दोनदा तिच्या भाषेत सांगून पाहिलं, जमेना. मग थोडं सरकून त्याने तिला बाकावर जागा करून दिली आणि आपल्याच भाषेत गायला लागला.