चर्चमधला वन्स मोअर

मंडळी, आज सकाळी बाबांना घेऊन जवाहर चौकाजवळच्या चर्चमध्ये गेले होते. आमची शेजारीण स्टेला स्वतः रचलेलं संगीत पहिल्यांदाच ऑर्गनवर वाजवणार होती. विषय बायबलमधला, माशाच्या पोटात अडकून शेवटी किनाऱ्याला लागलेला योना. "लोकांना नाही आवडलं तर पुन्हा रचणार नाही," असं ती काल म्हणाली होती.

सूर खोल होते, अनोळखी, मध्येच कर्कश. संपल्यावर सगळे चर्चच्या रीतीप्रमाणे टाळ्या न वाजवता शांत बसले. स्टेलाचा चेहरा उतरला.

तेवढ्यात जन्मभर नाट्यसंगीताला ऑर्गनची साथ केलेले बाबा खणखणीत आवाजात म्हणाले, "वन्स मोअर."

मी त्यांचा हात दाबला. फादर हसले. "अंकलजी का हुक्म है, स्टेला. फिर से बजाओ."

दुसऱ्यांदा मलाही योना किनाऱ्याला लागलेला ऐकू आला.

बाबांचे आणि फादरांचे मनापासून आभार. आवडलेलं तुम्ही तिथल्या तिथे सांगता का?