भाऊजींचा थायरॉइड आणि शिट्टीबाईंचा वर्ग

भाऊजी गाडीखाली अडकले तो दिवस मला पक्का आठवतो, कारण जॅक मीच वर केला.

भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. त्यांचं मोटार दुरुस्तीचं गॅरेज आणि माझं सुट्या भागांचं दुकान एकाच भिंतीला लागून. सगळा रस्ता त्यांना उस्ताद म्हणतो, आणि उगीच म्हणत नाही. गाडी फाटकातून आत वळते तेवढ्यात ते आवाजावरून सांगतात, "मागचं डावं बेअरिंग गेलंय." गाडीवाल्याने अजून तोंडही उघडलेलं नसतं.

त्या दिवशी एक बुटकी गाडी आली होती. भाऊजी चाकं लावलेल्या फळीवर उताणे झोपले, नेहमीसारखे खाली सरकले आणि अर्ध्यावर त्यांचं पोट वरच्या दांडीला जाऊन टेकलं. ना आत जाता येईना, ना बाहेर. गाडीची मालकीण शेजारीच उभी होती. तिने वाकून विचारलं, "काय झालंय हो?"

खालून आवाज आला, "गाडीचं नंतर बघू. आधी शेजारच्या दुकानातून माझ्या मेहुण्याला हाक मारा."

मी धावत गेलो, जॅकचा दांडा चारदा दाबला, आणि भाऊजी सुटले. सगळ्यांत मोठ्याने तेच हसले. पण नंतर दिवसभर त्यांनी दुसऱ्या गाडीला हात लावला नाही. स्टुलावर बसून नुसता पाना पुसत राहिले.

खरं तर दोन वर्षांपासून काहीतरी बिनसलं होतं. वजन चौदा किलोंनी वाढलं होतं. आम्ही पंख्याखाली घामाने निथळत असायचो, तेव्हा हे स्वेटर घालून. दुपारी गिऱ्हाइकाची गाडी तपासायला आत बसायचे आणि स्टीअरिंगवर डोकं टेकून घोरायला लागायचे. आवाज इतका जाड झाला होता की फोनवर लोक म्हणायचे, "जरा उस्तादांना द्या." जिकडेतिकडे एकच सल्ला, खाणं कमी करा, अंग हलवा. बिचाऱ्यांनी खाणं निम्म्यावर आणलं, तरी काटा वरच. मग लोक हळूच म्हणायचे, चोरून खात असणार. माझ्या मनातही ते एकदा आलं होतं, खोटं कशाला बोलू!

ताईच्या मात्र लक्षात आलं होतं. गाडीखालचा प्रकार कळला तशी ती म्हणाली, "अहो, हे नुसतं पोट नाही. तुमच्या भुवया बाहेरच्या बाजूने विरळ झाल्यात. परवा तुम्ही आपली लेक कितवीत आहे तेच विसरलात. उद्या डॉक्टरकडे जायचं म्हणजे जायचं."

डॉक्टरबाईंनी गळा चाचपला, पाण्याचा घोट गिळायला लावला आणि रक्त तपासायला सांगितलं. रिपोर्ट घ्यायला मी सोबत गेलो. बाहेरच्या बाकांवर चौदा बायका आणि आम्ही दोघे. खिडकीतल्या मुलीने कागद पाहिला आणि आमच्याकडे बघून विचारलं, "पेशंट कुठे आहेत? बाईंना आत पाठवा."

"बाई नाहीत," भाऊजी म्हणाले. "पेशंट मीच."

चौदाही माना वळल्या. शेजारच्या बाईंनी अगदी आपुलकीने विचारलं, "तुमचा किती?"

"एकशे दोन," भाऊजी म्हणाले.

बाईंनी छातीवर हात ठेवला. "अगं बाई! एकशे दोन?"

"आधी अठ्ठ्याऐंशी होतो."

"अहो, वजन नाही! टीएसएच, रक्तातला थायरॉइडचा आकडा विचारतेय मी!"

त्या बाकांवर जो हशा पिकला तो आत डॉक्टरबाईंपर्यंत गेला.

त्यांनी सगळं नीट समजावून सांगितलं. गळ्याशी थायरॉइड नावाची एक छोटी ग्रंथी असते, तिचं काम मंदावलं की अख्खं शरीर मंदावतं. पुरुषांना कमी प्रमाणात होतं, पण होतं. रोज सकाळी उपाशीपोटी एक गोळी, पाण्याबरोबर, आणि पुढे तासभर काही नाही.

"चहासुद्धा?" भाऊजींचा चेहरा उतरला.

"चहासुद्धा."

गोळी बहुधा जन्मभर घ्यावी लागेल हे ऐकून ते एवढे हिरमुसले नाहीत, जेवढे त्या चहाच्या तासाने. पण दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना त्यांनी एकदम माझा दंड धरला. "म्हणजे मी खादाड नाही! आळशी नाही! ऐकलंस ना तू?" त्यांचे डोळे भरून आले होते. मग रस्त्यातल्या प्रत्येक दुकानात तो रिपोर्ट त्यांनी पहिल्या नंबराच्या प्रगतिपुस्तकासारखा फिरवला. न्हाव्याने तर तो वाचून दाखवायला लावला.

दीड महिन्यात फरक दिसायला लागला. स्वेटर खुंटीवर गेला. आवाज मोकळा झाला. दुपारची झोप उडाली. फक्त एकाच गोष्टीने दगा दिला. वजन फक्त तीन किलोंनी उतरलं.

भाऊजींना वाटलं होतं, गोळी सुरू झाली की पोट आपोआप ओसरणार. मग त्यांनी आपलं डोकं चालवलं. एका गोळीने तीन किलो, तर दोन गोळ्यांनी सहा! कुणाला न सांगता ते दोन-दोन गोळ्या घ्यायला लागले.

तीन आठवड्यांत हात कापायला लागले. ज्या बोटांनी ते करंगळीच्या नखाएवढा स्क्रू डोळे मिटून बसवायचे, त्याच बोटांतून स्क्रू निसटून इंजिनाच्या पोटात पडला. झोप गेली, छाती धडधडायला लागली, घरात शब्दाला शब्द लागायला लागले. एकदा लेकीने पेन मागितलं तर तिच्यावरही खेकसले. ताईने गोळ्यांचं पाकीट उघडून पाहिलं, तर पुढच्या महिन्याची गोळ्यांची पट्टीही निम्मी संपलेली.

तिने पाकीट उचललं, नवऱ्याला उचललं आणि थेट दवाखाना गाठला.

डॉक्टरबाईंनी नाडी पाहिली, हृदयाचा आलेख काढला, आणि मग अशी खरडपट्टी काढली की भाऊजी खुर्चीत लहान होत गेले. "उस्ताद, तुमच्या गॅरेजात कुणी येऊन इंजिन तापवत ठेवलं, तर गाडी लवकर पोचते का?"

"जळते," भाऊजी खाली बघून म्हणाले.

"मग? गोळी किती घ्यायची ते रक्त बघून मी ठरवणार. वजनकाट्याला त्यातलं काही कळत नाही. गोळीचं काम तुम्हाला जागं करायचं. ते तिने केलंय. आता पाय हलवायचे ते तुम्ही."

आणि त्यांनी एका चिठ्ठीवर वाचनालयाच्या वरच्या मजल्यावरच्या व्यायामवर्गाचा पत्ता लिहून दिला.

तो वर्ग शिट्टीबाईंचा. साठीच्या, काटकुळ्या, शाळेत व्यायाम शिकवून निवृत्त झालेल्या. गळ्यात कायम शिट्टी. खरं नाव त्यांच्या पेन्शनच्या कागदावरच असेल. हॉल लांबट, एका भिंतीला घडीच्या खुर्च्या, दुसऱ्या भिंतीला उंच खिडक्या, आणि वर जायला बेचाळीस पायऱ्या. पहिल्या दिवशी भाऊजी त्या पायऱ्यांवर तीनदा थांबले. आत एकोणीस बायका. बऱ्याच जणी दवाखान्याच्या बाकावरच्याच. "आले, एकशे दोन आले!" कुणीतरी ओरडलं.

पहिला व्यायाम, खुर्चीवरून हात न लावता उठायचं आणि बसायचं. भाऊजींचे सहा झाले आणि मांड्या लटपटायला लागल्या. शेजारी सत्तरीच्या एक आजी वीस करून वर विचारत होत्या, "झालं का तुमचं?"

घरी येऊन भाऊजींनी जाहीर केलं, "मी परत जाणार नाही. तिथे माझी इज्जत गेली."

ताई म्हणाली, "गेली ना? मग आता परत जायला काय हरकत आहे? आणि उद्या मीही येते."

ताईला काही झालेलं नव्हतं, पण ती गेली. तिचे अकरा झाले. भाऊजींना एवढा आनंद झाला की त्यांनी त्या दिवशी आठ केले.

शिट्टीबाईंनी चहाच्या त्या रिकाम्या तासाचाही बंदोबस्त केला. "गोळी घेतलीत की किटलीकडे बघत बसू नका. बूट घाला आणि बाहेर पडा. तासाने परत या, चहा तयार असेल." मग आमच्या रस्त्यावर सकाळी सकाळी ही जोडी दिसायला लागली. भाऊजी पुढे, ताई मागे, आठवड्याभरात ताई पुढे, भाऊजी मागे. आधी वीस मिनिटं, मग तीस, मग पंचेचाळीस. रात्रीचं जेवण लवकर व्हायला लागलं, ताटात भाजी वाढली, आणि कोपऱ्यावरची तळणाची गाडी आली की भाऊजी रस्ता ओलांडून पलीकडच्या बाजूने जायचे. "तिकडे बघायचंच नाही," ते मला सांगायचे, आणि सांगता सांगता वळून बघायचेच.

वर्गात ताणायच्या रबरी पट्ट्या दोनच होत्या. एकोणीस जणी पाळी लावून उभ्या राहायच्या. भाऊजींना ते बघवेना. एका रविवारी त्यांनी माझ्या दुकानामागे पडलेल्या जुन्या ट्यूब काढल्या, साबणाने धुतल्या, पट्ट्या कापल्या, कडा घासून गुळगुळीत केल्या आणि टोकांना कापडी मुठी शिवून घेतल्या, त्या ताईकडून. सायकलच्या ट्यूबची पट्टी हलकी, स्कूटरची मध्यम, ट्रकची जड. दुसऱ्या दिवशी हॉलमध्ये वीस पट्ट्या. तेव्हापासून त्या वर्गाची भाषाच बदलली. "मी अजून सायकलवरच आहे," एखादी म्हणायची. "अगं, मी काल स्कूटरवर गेले!" आणि त्या सत्तरीच्या आजी, त्या चौथ्या महिन्यात ट्रकवर गेल्या. सगळ्या वर्गाने टाळ्या वाजवल्या.

सगळं सुरळीत झालं असं मात्र नाही. पाचव्या महिन्यात काटा एका जागी रुतून बसला तो सातव्यापर्यंत हलेना. भाऊजी चिडले. वजनकाटा उलटा करून स्प्रिंग बघायला लागले. शेवटी शिट्टीबाईंनी त्यांना जिन्याच्या तळाशी नेलं. "चढा."

भाऊजी चढले. वर पोचून खाली बघत म्हणाले, "चढलो. आता?"

"किती वेळा थांबलात?"

भाऊजी एकदाही थांबले नव्हते, आणि ते त्यांच्या लक्षातही आलं नव्हतं. मग आपलंच आपल्याला खरं वाटेना म्हणून खाली उतरून पुन्हा एकदा चढून आले. त्या दिवशी वर्गात खुर्चीचे त्यांचे पंचवीस झाले. वर्षाअखेर वजनही अकरा किलोंनी उतरलं होतं, रक्ताचा आकडा जागेवर आला होता, आणि गोळी रोज एकच. डॉक्टरबाईंनी फाइलवर काहीतरी लिहिलं आणि हसून म्हणाल्या, "आता सहा महिन्यांनी या."

त्याच सुमारास लेकीच्या शाळेचा क्रीडादिन आला. पालकांची शर्यत होती, मैदानाची एक फेरी, दोनशे मीटर. भाची तेव्हा बारा वर्षांची. जेवता जेवता तिने विचारलं, "बाबा, तुमचं नाव देऊ?"

भाऊजींनी ताईकडे पाहिलं. ताईने भाजीकडे पाहिलं.

"दे," भाऊजी म्हणाले.

ही बातमी वर्गात गेली, आणि मैदानावर बघतो तर शिट्टीबाईंसकट अख्खा वर्ग हजर. कुणी छत्री घेऊन, कुणी नातवंडं घेऊन. नऊ पालक रेघेवर उभे राहिले. भाऊजी सगळ्यांत रुंद, आणि अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट. बार उडाला. पहिले तिघे वाऱ्यासारखे निघून गेले, त्यांच्यामागे चौघे. भाऊजी आपल्या चालीने, तोंड मिटून, नाकाने श्वास घेत, शिकवलं होतं अगदी तसंच. वळणावर एकोणीस बायकांनी असा गलका केला की सूत्रसंचालकाला माइकवर बोलता येईना.

भाऊजी आठवे आले. नवव्या गृहस्थाचा बूट निसटला होता, पण ते आम्ही भाऊजींना आजतागायत सांगितलेलं नाही.

गंमत पुढेच आहे. शेवटची रेघ ओलांडली तरी भाऊजी थांबेनात. बाकीचे गुडघ्यांवर हात ठेवून धापा टाकत होते आणि हे आपले पळतच होते.

"बाबा!" भाची त्यांच्यामागे धावली. "बाबा, शर्यत संपली!"

"माहीत आहे गं!" भाऊजी मान न वळवता ओरडले. "मला अजून पळता येतंय!"

मग भाची परत फिरलीच नाही, त्यांच्या बरोबरीने पळायला लागली. माइकवरून विनंती होत होती, "पालकांनी कृपया मैदान मोकळं करावं." ताईने पर्स माझ्या हातात कोंबली, चपला काढल्या आणि तीही आत घुसली. तिच्यामागे वर्गातल्या चौघीपाचजणी. मुलं बाकांवर उभी राहून टाळ्या पिटत होती, मुख्याध्यापक आधी घड्याळाकडे बघत होते, मग तेही हसायला लागले. भाऊजींचा शर्ट पाठीला चिकटला होता, चेहरा लालबुंद झाला होता, आणि त्या चेहऱ्यावर जे हसू होतं तसं मी त्यांच्या लग्नातही पाहिलं नव्हतं.

दुसरी फेरी पुरी झाली. भाऊजी तिसरीला वळणार, एवढ्यात शिट्टीबाई मैदानाच्या मधोमध आल्या आणि त्यांनी अशी लांबलचक शिट्टी फुंकली की सगळेच्या सगळे जागच्या जागी थांबले, मुख्याध्यापकांसकट.