बारा स्वामिमलै आणि एक दोर

कुंभकोणमला डोंगर नाही. हे मला कुंभकोणमला उतरल्यावर कळलं. रोपवेविरुद्ध पुरावे गोळा करायला निघालेल्या माणसाच्या प्रवासाला यापेक्षा वाईट सुरुवात मिळणं कठीण. स्टेशनाबाहेर नजर जाईल तिकडे सपाट. केळीच्या बागा, भाताची खाचरं आणि त्यांच्यावर डोकी काढून उभी असलेली गोपुरं. दोर टांगावा अशी जागाच नाही.

पुराव्यांचं आधी सांगते. आमच्या गावामागच्या डोंगरावर देवी आहे. तिथे रोपवे होणार अशी बातमी आली त्या दिवसापासून मी त्याच्या विरोधात आहे. बाबांचा छोटा छापखाना. मी अक्षरं शिकले ती पत्रकांवरून. आमच्या घरात 'निषेध' हा शब्द मला 'नमस्कार'च्या आधी लिहिता आला. रोपवेविरुद्धचं चार पानी पत्रक मी एका बैठकीत लिहून काढलं होतं. मग एका मासिकाने डोंगरावरच्या ट्राम आणि रोपवे यांवर लेख मागितला, तेव्हा मी लगेच हो म्हटलं. शत्रूच्याच पाळण्यात बसून शत्रूची पाहणी करायची संधी रोज येत नाही.

दक्षिणेत पळनीच्या डोंगरावर मोठं देऊळ आहे, आणि तिथे दोन्ही आहेत. रुळांवरून दोराने ओढत नेणारी गाडी, जिला तिथे सगळे 'विंच' म्हणतात, आणि रोपवे. वसतिगृहातली माझी मैत्रीण म्हणाली, "आधी कुंभकोणमला माझ्या आत्याकडे जा. तिलाही पळनीला जायचंय. साठ वर्षं झाली, जायचंच आहे."

आत्या म्हणजे रखुमाअक्का. मराठ्यांच्या काळात तंजावरकडे आलेल्या घराण्यातल्या. मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या. दारातच म्हणाल्या, "ये बाळे. प्रवास कैसा जाह्ला?" एखाद्या बखरीने पान उलटून आपल्याला चहापाणी विचारावं तसं वाटलं. फक्त चहा नव्हता, कॉफी होती. पितळी डबऱ्यात (रुंद, बसक्या वाटीत) ओतून, उंचावरून फेस काढलेली. उंबऱ्याबाहेर भाजीवाल्याशी अक्का तमिळ बोलत, आत पाऊल टाकलं की मराठी. मधे श्वासही घेत नसत.

जेवताना मी पत्रक काढलं. अक्कांना नागरी वाचता येत नव्हतं. "आम्ही बोलतों मराठी, लिहितों तमिळ अक्षरांत. तूंच वाच." मी वाचलं, सभेत वाचावं तसं. 'पिढ्यान्‌पिढ्या भाविकांना खांद्यावरून देवीपर्यंत नेणाऱ्या डोलीवाल्या बांधवांच्या पोटावर हा पाय आहे!' इथे अक्कांचे धाकटे भाऊ गोविंदराव, ज्यांचं बाजारात औषधांचं दुकान आहे, त्यांनी टाळी वाजवली. हातातल्या इडलीसकट.

अक्कांनी विचारलं, "त्यांतल्या एकाचें नांव सांग."

"कुणाचं?"

"डोली उचलणाराचें."

मला एकाचंही येत नव्हतं. मी म्हटलं, प्रश्न नावाचा नाही, तत्त्वाचा आहे.

"सरी (बरं)," अक्का म्हणाल्या आणि माझ्या पानावर आणखी कडप्पा (मूगडाळ-बटाट्याची पातळ भाजी) वाढला. वर्गातल्या मुलीने चुकीचं उत्तर दिलं आणि बाईंनी ते आत्ताच खोडायचं नाही असं ठरवलं, तसा तो 'सरी' होता.

पळनीची गोष्ट मला गोविंदरावांनी सांगितली. अक्का लहानपणी आजीबरोबर तिथे गेल्या, अर्ध्या वाटेवर रडून बसल्या आणि परत आल्या. का, ते कधी कुणाला सांगितलं नाही. पुन्हा जायचं म्हटलं की नोकरी आडवी आली, मग यजमानांचं आजारपण, मग गुडघे. आता डॉक्टर म्हणतात, लवकरच घराचा जिनासुद्धा बंद.

"मी सांगितलें हिला," गोविंदराव म्हणाले, "चार आळ (माणसं), माझ्या दुकानांतली एक खुर्ची. काम जाह्लें!"

"माणसाच्या खांद्यावर मी चढणार नाहीं," अक्का आतून म्हणाल्या. "जाणें तर या खेपेस. नाहीं तर राहिलें."

मला काय स्फुरण चढलं! रोपवे नको, खुर्ची नको, स्वतःच्या पायांनी! "बरोबर आहे, अक्का," मी म्हटलं, "डोंगर पायांनीच चढायचा." सत्तरीच्या बाईच्या गुडघ्यांवर आपलं तत्त्व उभं करताना मला जराही जड वाटलं नाही. जड त्यांना वाटायचं होतं.

अक्कांची तयारी मात्र पक्की होती. कुंभकोणमजवळच स्वामिमलै आहे. मलै म्हणजे डोंगर. पण हा डोंगर माणसांनी रचलेला, साठ पायऱ्यांचा. दर आठवड्याला अक्का त्या साठ पायऱ्या चढून उतरत. दुसऱ्या दिवशी मीही बरोबर गेले. वर पोचल्यावर त्यांनी पदराने घाम टिपला आणि हिशेब मांडला. "पळनीला जवळजवळ सातशें. म्हणजे बारा स्वामिमलै एकावर एक ठेव."

विज्ञानाच्या शिक्षिकेने गणित मांडलंय म्हटल्यावर मी कोण शंका घेणार? साठ पायऱ्यांनंतर दर वेळी खाली उतरून कॉफी मिळते, हे आम्ही दोघींनीही हिशेबात धरलं नाही.

पहाटेची बस धरली. तिरुच्चीला एक बदलली, दिंडुक्कलला दुसरी. शेतं मागे पडली, माती लालसर झाली, आणि दुपारी खिडकीतून पळनीचा डोंगर दिसला. एकटाच, मैदानात कुणी आणून ठेवल्यासारखा. त्या रात्री आम्ही पायथ्याच्या धर्मशाळेत राहिलो आणि सकाळी ऊन चढायच्या आत पायऱ्यांना लागलो. मोबाइल खालीच ठेवावे लागतात, त्यामुळे पुराव्याचे फोटो हा विषय परस्पर मिटला.

पहिल्या स्वामिमलैला अक्का हसत होत्या. दुसऱ्याला मला पायऱ्यांशेजारची हत्तींची जुनी वाट दाखवत होत्या. तिसऱ्याला बोलणं थांबलं. चौथ्याला त्या फक्त मोजत होत्या, ओठांत. आमच्या बाजूने खांद्यावर कावड घेतलेले लोक नाचत वर जात होते. मी दर वळणावर म्हणत होते, "अक्का, अजून थोडंच!" डोंगराबद्दल खोटं बोलायची ही माझी पहिलीच वेळ.

सहाव्याच्या सुमारास इडुंबनाचं देऊळ लागतं. तिथल्या कट्ट्यावर अक्का बसल्या, आणि उठताना उजवा गुडघा सरळ होईना.

मी घाबरले. बाजूने दोन धडधाकट तरुण चालले होते. त्यांना मी खुणेने सांगितलं. ते लगेच आले, हातांची चौकट करून वाकले. "वांग, पाट्टी (या, आजी)." पत्रक लिहिणाऱ्या माझ्यासारखीला खांदे शोधायला अर्धं मिनिट पुरलं.

"वेंडाम् (नको)," अक्का म्हणाल्या.

"मग मी उचलते."

"तूं? कागद उचलणारी?" दुखत असतानाही त्या हसल्या. तरुण नमस्कार करून गेले. मग अक्कांनी मला शेजारी बसवलं.

"हा इडुंबन कोण, ठाऊक आहे? यानें दोन डोंगर कावडींत घालून खांद्यावर आणले. विसाव्याला खालीं ठेवले, ते पुन्हा उचलेनात. एकावर देव येऊन बसला होता. हा डोंगर तोच." मग म्हणाल्या, "आमच्या आजीला ऐसेंच आणलें होतें. खुर्ची, दोन दांडे, दोन आळ. मी बाजूला चालत होतें. येथें येतां पुढल्याच्या खांद्यावरची चिंधी घसरली. खालीं कातडेंच नव्हतें, बाळे. माशा बसल्या. आजी म्हणाली, हालवूं नको रे. मी येथेंच बसलें. रडलें. वर गेलें नाहीं."

मी त्यांचा गुडघा चोळू लागले.

"खालीं उतरल्यावर नांव विचारलें. मुत्तु म्हणाला. इडुंबनाला अर्ध्या वाटेवर देऊळ तरी मिळालें. मुत्तूला काय?"

मी म्हटलं, "म्हणजे तुमचा नेम पायांनीच चढायचा नव्हता?"

"पायांचें कोण म्हणालें? तूं. मी खांद्याचें म्हणालें."

"मग रोपवे चालला असता?"

"दोराला कोठें खांदा आहे?"

"अहो, मग या पायऱ्या कशाला चढलात?"

"वाटलें, जमेल. आणि तूं ऐसी घोषणा देत होतीस, शाळेंतली पोर स्पर्धेंत भाषण करते तैसी. मधेंच थांबवूं कैसी?"

आम्ही उतरलो. कठडा धरून, एका पायरीवर दोन्ही पाय टेकवत. चढायला लागला होता त्याच्या दुप्पट वेळ लागला. खालून टांगा करून डोंगराला वळसा घातला आणि रोपवेच्या रांगेत आलो. रांगा दोन होत्या. जास्त पैसे देणाऱ्यांची आखूड, बाकीच्यांची लांब. हे मात्र मला मान्य होणं शक्यच नव्हतं. "पैशाने रांग तोडायची नाही," मी म्हटलं.

"सरी. तूं उभी राहा, मी बसतें," म्हणून अक्कांनी बाकाचं टोक पकडलं.

तास गेला. आमच्यापुढे दहा-बारा माणसं उरली आणि पाळणे थांबले. फाटकावरच्या माणसाने वर बोट दाखवलं, "काट्रु (वारा)." वारा वाढला की दोर थांबवतात. पहिल्या क्षणी मला आनंद झाला, खरं सांगते. हाच पुरावा! मग मी अक्कांकडे पाहिलं. डोंगराच्या अंगावर हवेत थांबलेल्या पाळण्याकडे त्या बघत होत्या, एक हात गुडघ्यावर. आखूड रांगेतली माणसं केव्हाच वर पोचली होती. माझं तत्त्व अगदी शाबूत होतं आणि अक्का खाली होत्या.

अक्कांनी फाटकावरच्या माणसाला तमिळमध्ये नाव विचारलं. सेल्वम. दिवसभराच्या कामाने खांदा दुखतो का, असंही विचारलं. तो हसला. खांदा कशाला दुखेल, अम्मा, उभं राहून पाय तेवढे दुखतात.

"लिही," अक्का मला म्हणाल्या. माझ्याकडे फक्त पत्रक होतं. त्याच्या पाठीवर लिहिलं.

शेवटी वारा पडला. पाळणा हलला, जमीन सुटली आणि मी डोळे मिटले. रोपवेविरुद्ध चार पानं लिहिताना आपल्याला उंचीची भीती वाटते हे मला माहीत नव्हतं. शेजारून अक्कांचा वर्गातला आवाज येत होता. "फळ्यावर कप्पी किती वेळां काढली मी! बसलें आज. पाहा, समोरून उतरणारे आहेत ना, त्यांच्या भारानें आपण चढतों. यंत्राला ओढायचा तो फक्त फरक. डोळे उघड, बाळे. पुरावा बाहेर आहे."

मी एक डोळा उघडला. खाली पायऱ्यांची पांढरी रेघ होती, तिच्यावर मुंग्यांएवढी माणसं, आणि मधेच इडुंबनाच्या देवळाचा कळस. अक्का तिकडेच पाहत होत्या.

वर उतरल्यावर थोड्या पायऱ्या उरतात. त्या अक्का माझा दंड न धरता चढल्या. गाभाऱ्यापुढे पुजाऱ्याने अर्चनेसाठी विचारलं, नाव, नक्षत्र? तिकडे ज्याच्यासाठी अर्चना करायची त्याचं नाव देवाला सांगतात.

"मुत्तु," अक्का म्हणाल्या.

"नक्षत्र?"

"ठाऊक नाहीं."

पुजाऱ्याने नक्षत्रावाचूनच मंत्र सुरू केला. देवापुढे हात जोडायचे नाहीत या माझ्या तत्त्वानुसार माझे हात खालीच होते. नाव मात्र मी पूर्ण ऐकलं.

कुंभकोणमला गोविंदराव दारात वाट पाहत होते. पंचामृताचा डबा हातात घेत त्यांनी विचारलं, "पायांनीं गेलीस?"

"कांहीं पायांनीं, कांहीं दोरानें," अक्का म्हणाल्या. "खुर्ची तुझ्या दुकानांतच राहूं दे."

घरी परतल्यावर मी सगळ्यात आधी आमच्या डोंगराच्या पायथ्याशी गेले. डोल्या टेकवायच्या ओट्यावर एक गृहस्थ बिडी ओढत बसले होते. लहानपणापासून पाहिलेला चेहरा. मी नाव विचारलं.

"नामदेव," ते म्हणाले. "एवढी वर्षं डोली उचलतोय, आज नाव विचारलंत. निवडणूक लागली काय, ताई?"

मी त्यांना पत्रक वाचून दाखवलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. "पोटावर पाय, हे बरोबर लिहिलंय. पण ते खांद्याचं काढा. खांदा काय आम्ही हौसेनं देतो? माझी पोरगी आयटीआयला वीजतंत्री शिकतेय. त्या यंत्रावर तिला घेतील का, ते लिहा की."

नवं पत्रक एका बैठकीत झालं नाही. ओट्यावर पाच-सहा बैठका झाल्या, आणि यंत्राबद्दलचं माझं एक वाक्य नामदेवांच्या मुलीने सरळ खोडलं. मागणी आता एवढीच आहे: दोर बांधायचा असेल तर आधी आमच्याशी बोला, आणि तो चालवायला आमचीच माणसं घ्या. खाली 'आपले नम्र' या शब्दांपुढे आजवर कृती समितीचं नाव असायचं. समिती म्हणजे मी आणि बाबा. या वेळी तिथे नऊ डोलीवाल्यांची नावं आहेत. नामदेव म्हणाले, "तुमचंही घाला, पण शेवटी. उचललं आम्ही, लिहिलं तुम्ही."

मी शेवटी घातलं. लांब रांगेत उभं राहायची सवय मला पळनीला लागलीच होती.